पुढच्या सीटवर बाई

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि आज मला गप्प बसवतच नाही! जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना मधूनमधून सुस्कारे टाकायचे, अशी रीत आहे म्हणतात. टाकेन मीही एखादा, सवड मिळाली तर. पण आत्ता माझ्या दोन्ही चाकांत टणक हवा भरलेली आहे, चेनीला ताजे तेल लागले आहे, आणि गेल्या रविवारी जे घडले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझी ओळख करून देते. मी साधीसुधी सायकल नाही. मला सीटा दोन, हँडले दोन, पायडलांच्या जोड्या दोन, आणि चाके मात्र दोनच. मी रस्त्यावरून निघाले की मुले ‘लांबडी आली, लांबडी!’ म्हणून मागे धावायची. मला त्या नावाचा कधी राग आला नाही. आहेच मी लांबडी.

माझा जन्म फाटके आणि जिन्यांचे कठडे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे एक तरुण वेल्डर काम करायचे. त्यांचे लग्न बालवाडीत शिकवणाऱ्या बाईंशी ठरले होते. वेल्डरांची सायकल काळी होती, बाईंची निळी. दोघांचा कामावर जायचा रस्ता एकच, पण गर्दीत सायकली शेजारीशेजारी चालवता येत नसत. एक पुढे, एक मागे. बोलायचे म्हटले तर ओरडावे लागायचे, आणि लग्न ठरलेली माणसे जे बोलतात ते काही ओरडून बोलायचे नसते. म्हणून वेल्डरांनी सुटीच्या दिवशी दोन्ही सायकली कारखान्यात नेल्या आणि करवत हातात घेतली.

मालकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, “अरे, चांगल्या दोन सायकली कापून एक करतोस? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“मालक, लग्नात दुसरं काय करतात?” वेल्डर म्हणाले आणि त्यांनी तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढला.

ठिणग्यांचा नुसता पाऊस पडला, आणि काळ्या-निळ्या तुकड्यांची मिळून मी झाले. प्रत्येक सांध्यावर वेल्डर वाकून वाकून बघत होते. डोळे बारीक करून, दिवा जवळ धरून. आपल्या डोळ्यांचा त्यांना फार अभिमान होता. बाई रोज सकाळी हात जोडून, डोळे मिटून क्षणभर उभ्या राहायच्या, तेव्हा ते चिडवायचे, “तुझा भरवसा देवावर, माझा माझ्या डोळ्यांवर.” बाई नुसत्या हसायच्या.

बाईंनी एकच अट घातली होती. दोन्ही सीटांपुढचा दांडा खाली हवा, म्हणजे त्यांना चढता येईल.

“मागचा समजला,” वेल्डर म्हणाले. “पुढचा कशाला?”

“असू द्या,” बाई म्हणाल्या. वेल्डरांनी कुरकुरत का होईना, दोन्ही दांडे खाली केले.

आता मी कशी चालते ते सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. माझी पुढची पायडले आणि मागची पायडले एकाच चेनीने बांधलेली आहेत. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरलाच पाहिजे. पुढचे हँडल वळते, ब्रेक पुढेच आहेत. मागचे हँडल नुसते धरायला. ते वळत नाही, त्याला ब्रेक नाही. म्हणजे मागे बसणाऱ्याने पायडल मारायचे आणि विश्वास ठेवायचा, एवढेच त्याच्या हातात असते. म्हणून पुढच्याने प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगायची असते. वेल्डर “उचल!” म्हणाले की दोघांनी उजवा पाय दाबायचा. “खड्डा!” म्हणाले की बाईंनी सीटवरून जरा उठायचे. “पाय थांबव!” म्हणाले की उतार आला. पुढे कोण आणि मागे कोण, यावर घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही. वेल्डर पुढे, बाई मागे. ते ठरलेलेच होते.

काय दिवस होते ते! सकाळी बाईंना बालवाडीच्या दारात सोडायचे, संध्याकाळी तिथून उचलायचे. बालवाडीतली चिमुरडी मला बघायला फाटकाला लोंबकळायची. पुढे मुलगी झाली, तेव्हा वेल्डरांनी तिच्यासाठी कॅरिअरवर कठडा असलेली छोटी खुर्ची बसवली. तिघांना घेऊन मी सुटीच्या दिवशी कालव्यावर जायचे. तिथे पुलावरून खाली उतरणारा एक लांबलचक उतार आहे. त्या उतारावर वेल्डर पाय थांबवायला सांगायचे आणि मला मोकळी सोडायचे. वारा कानात घुसायचा, मुलगी किंचाळायची, आणि माझ्या आऱ्यांमधून असा काही सूर निघायचा की मला माझेच कौतुक वाटायचे.

मग मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तिने स्कूटर घेतली. वेल्डर निवृत्त झाले, बाईही झाल्या. दोघे मला घेऊन भाजी आणायला, वाचनालयात, कुणाच्या आजारपणात भेटायला जायचे. गुडघे त्यांचे कुरकुरायचे आणि बेअरिंग माझे. पण चालले होते बरे.

आणि एका संध्याकाळी वेल्डरांनी मला थेट दूधवाल्याच्या किटल्यांवर घातले.

रस्ता सरळ होता. किटल्या भर रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या होत्या आणि चांगल्या चकाकत होत्या. बाई मागून विचारत राहिल्या, “अहो, दिसल्या नाहीत का?” वेल्डर वाकून किटल्या चाचपत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. घरी आल्यावर ती बाईंना समजावून सांगत होती, ते मी अंगणातून ऐकले. नजरेच्या मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडे बघावे तेच पुसट व्हायचे. कडेचे दिसत होते आणि पुढेही दिसत राहील, असे डॉक्टर म्हणाले होते. मधले मात्र परत येणार नव्हते.

वेल्डरांनी कडेचे काही ऐकलेच नाही. मधले गेले, एवढेच त्यांनी धरून ठेवले. त्यांनी मला परसातल्या शेडमध्ये नेऊन उभे केले आणि स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने म्हणायचा, “पुष्कळ केलंत, आता आराम करा.” आणि प्रत्येक वेळी ते त्या खुर्चीत आणखी थोडे खाली जायचे. माझ्या टायरांतली हवा गेली. एका कोळ्याने माझ्या मागच्या चाकात संसार थाटला. मित्रांनो, तो सुस्कारा मी इथे टाकते. निरुपयोगी होण्याचे दुःख गंजापेक्षा लवकर चढते. वेल्डरांना बघून मला ते कळत होते आणि काही करता येत नव्हते.

मग एके दिवशी मुलीने सांगितले, “बाबा, रोपांच्या नर्सरीवाले काका लांबडी मागतायत. फाटकाशी उभी करून तिच्यावर कुंड्या मांडणार आहेत. छान दिसेल. रविवारी टेम्पो पाठवतो म्हणालेत.”

कुंड्या! माझ्यावर! माझ्या तोंडचे पाणी पळाले.

“देऊन टाक,” वेल्डर खिडकीकडे तोंड करून म्हणाले. “तीही म्हातारी झाली.”

म्हातारी म्हटल्याचे वाईट वाटले नाही. ‘देऊन टाक’ मात्र मला लागले. बाई तिथेच होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि बाई काही बोलत नाहीत तेव्हा समजावे की त्यांच्या मनात काहीतरी शिजते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हात जोडून उभ्या राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि सरळ शेडमध्ये आल्या. कोळ्याला त्यांनी काडीवर घेऊन अलगद भिंतीवर सोडले. मला ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेले. त्याने ट्यूबा बदलल्या, ब्रेक ओढून घेतले, चेन धुतली.

“आता पुढची सीट खाली कर,” बाई म्हणाल्या.

“खाली? काका तर उंच आहेत, बाई.”

“काका मागं बसणार आहेत.”

सायकलवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. त्याने तो उचलला, बाईंच्या तोंडाकडे बघितले आणि निमूटपणे सीट खाली केली.

तिथून बाईंनी मला शाळेच्या रिकाम्या मैदानावर नेले. मित्रांनो, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात माझ्या पुढच्या हँडलवर आले! लग्नाआधी त्यांनी निळी सायकल चालवली होती, पण त्याला किती काळ लोटला होता. पहिल्या फेरीला आम्ही झाडावर जाता जाता वाचलो. दुसऱ्या फेरीला एक कुत्रा शेपूट घालून पळाला. तिसऱ्या फेरीला मात्र माझे पुढचे चाक सरळ राहिले, बाईंनी मैदानाला पूर्ण वळसा घातला आणि तोंडावर हात धरून एकट्याच हसत सुटल्या. सत्तरी उलटलेल्या बाई! माझा जुना गंजसुद्धा त्या दिवशी शहारला असेल. रोज सकाळी आम्ही गुपचूप जायचो आणि गुपचूप यायचो, आणि घरी वेल्डर विचारायचे, “एवढा घाम कशानं आला गं?” तर बाई म्हणायच्या, “चालायला गेले होते.”

रविवार उजाडला. बाई खुर्चीपाशी जाऊन म्हणाल्या, “अहो, टेम्पो यायच्या आधी लांबडीवर शेवटचं एकदा बसू या. इतकी वर्षं वाहिलं तिनं आपल्याला.”

वेल्डरांनी खुर्चीचे हात धरले. मग उठले. निरोपाला नाही कसे म्हणणार? अंगणात येऊन ते सवयीने पुढच्या सीटपाशी गेले, तर तिथे बाई आधीच बसलेल्या.

“हे काय?”

“मागं बसा.”

“मी? मागं?”

“तिथं कुणी चावत नाही. इतकी वर्षं मी बसलेच की.”

वेल्डर फुरंगटून मागे बसले. आणि मग काय झाले, माहीत आहे? काहीच झाले नाही! बाई पुढे हँडल धरून तयार, वेल्डर मागे पायडलवर पाय ठेवून तयार, आणि आम्ही अंगणात उभेच्या उभे. बाई “उचल” ऐकायची वाट बघत होत्या, कारण त्यांनी आयुष्यभर तो शब्द मागे बसून ऐकला होता. वेल्डर गप्प होते, कारण तो शब्द पुढच्याने म्हणायचा असतो. शेवटी मुलगीच स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, “अहो, कुणीतरी निघा!”

“उचला!” बाई दचकून म्हणाल्या आणि आम्ही निघालो.

गल्ली पार केली. बेकरी मागे पडली. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. डावीकडे जुना कारखाना, सरळ कालवा. बाईंना सरळ जायचे होते. पण वेल्डरांचे शरीर त्या वळणावर आयुष्यभर डावीकडे झुकलेले. ते पूर्ण वजनानिशी डावीकडे कलले, बाईंनी हँडल सरळ धरले, आणि मी बिचारी दोघांच्या ओढाताणीत आडवी झाले. नशीब, तिथे एका घराचे बांधकाम चालू होते. आम्ही तिघेही वाळूच्या ढिगात.

वेल्डरांचे कोपर खरचटले होते. पण लागले होते ते दुसरीकडेच.

“कशाला आणलंस मला?” त्यांचा आवाज फाटला. “समोरचं दिसत नाही मला! कळतंय का तुला? मी कुठल्याच कामाचा राहिलो नाही आता. तिला कुंड्यांखाली उभी करा आणि मला त्या खुर्चीत. मिटलं.”

बाई वाळूतच बसल्या होत्या. केसांतली वाळू झटकत म्हणाल्या, “अहो, मागं बसल्यावर समोरचं दिसतं कुणाला? इतकी वर्षं मला समोर काय दिसायचं, सांगू? तुमचा शर्ट.”

“शर्ट?”

“ठिणग्यांनी भोकं पडलेला. भोकंसुद्धा पाठ झाली होती मला. आणि उतारावर तर तोही नाही दिसायचा. डोळे घट्ट मिटून घ्यायचे मी.”

वेल्डरांनी मान वळवली. “कालव्याच्या उतारावर? दर वेळी?”

“दर वेळी. फार भीती वाटायची.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही हळू चालवली असती. आणि मला तो वेग आवडायचा हो!”

वेल्डरांनी कोपरावरची वाळू झटकली. मग हळूच म्हणाले, “भीती वाटायची, दिसायचं नाही, हातात ब्रेक नाही. आणि तरी बसायचीस?”

“पुढं तुम्ही होतात ना. आणि तुमच्यावर लक्ष ठेवायला वर देव होता. दोघांवर सोपवून द्यायचे मी. आता तुमची पाळी.” त्यांनी वेल्डरांच्या हाताला धरून त्यांना उठवले. “मी पडेन, चुकेन, झाडावरसुद्धा घालीन एखादे वेळी. बसायचं तर बसा. नाहीतर टेम्पो येईलच.”

मित्रांनो, मी वाळूत पडल्या पडल्या श्वास रोखून धरला होता. माझे सगळे त्या एका उत्तरावर अवलंबून होते, आणि वेल्डरांचेही. त्यांनी वाकून मला चाचपडले. माझ्या मधल्या सांध्यावरून, जिथे काळा भाग निळ्याला जोडला आहे तिथून, अंगठा फिरवला. मग मला सरळ उभे केले आणि मागे बसले.

“झुकायचं कधी ते तू सांग,” ते म्हणाले. “मी आपणहून काही करणार नाही.”

पूल आला. उतार समोर होता. बाईंनी मोठा श्वास घेतला आणि ओरडल्या, “पाय थांबवा!”

आणि मी सुटले! काय सांगू तुम्हाला! किती दिवसांनी ते वारे अंगाला लागले! माझे आरे गाऊ लागले, मडगार्ड खडखडू लागले, बाई हसत होत्या की ओरडत होत्या ते त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. वेल्डरांची बोटे आधी मागच्या हँडलवर पांढरी पडली होती. त्यांच्यासमोर बाईंची पाठ होती, आणि तिथे त्यांच्या नजरेतला तो डाग खुशाल पसरला तरी काही बिघडत नव्हते. बघायचे होते ते सगळे कडेला होते. आणि कडेचे त्यांना दिसत होते!

“अगं!” ते एकदम ओरडले. “कालव्यात बदकं आहेत!”

“नेहमीच असतात!”

“मला कधी दिसली नाहीत! आणि हे पिवळं घर कधी बांधलं?”

“आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे!”

खरेच होते ते. पुढे बसून त्यांनी आयुष्यभर फक्त रस्ता बघितला होता. खड्डे, दगड, समोरून येणाऱ्या गाड्या. सगळ्यांना सांभाळून न्यायचे म्हणजे इकडेतिकडे बघायला फुरसत कुठली? आता डावीकडून बदके गेली, उजवीकडून कपडे वाळत घातलेली गच्ची गेली, कुणीतरी हात केला आणि वेल्डरांनीही केला. मध्येच मला मागचे हँडल हलके झालेले जाणवले. त्यांनी दोन्ही हात सोडले होते.

उतार संपला, बाईंनी ब्रेक लावला. दोघांनाही धाप लागली होती.

“मघाशी मी हात जोडले,” वेल्डर जरा लाजत म्हणाले.

“हँडल सोडून?”

“मागचं हँडल वळतं कुठं!”

“कुणाला जोडलेत? देवाला की मला?”

“दोघांचं एकदमच उरकून घेतलं.” मग त्यांनी डोळे पुसले आणि लहान मुलासारखे म्हणाले, “पुन्हा.”

मला ढकलत, धापा टाकत, मध्ये दोनदा कठड्याला टेकत त्यांनी पुन्हा पुलावर नेले. आणि आम्ही पुन्हा उतरलो.

घरी आलो तेव्हा दारात टेम्पो उभा होता. नर्सरीवाले काका आणि मुलगी वाट बघत होते.

“बाबा, कोपराला रक्त!” मुलगी धावली.

“असू दे. पडलो होतो,” वेल्डर इतक्या अभिमानाने म्हणाले की नर्सरीवाले काकांना हसू आवरेना.

“मग सायकल टेम्पोत चढवू ना?” त्यांनी विचारले.

“जमायचं नाही,” वेल्डर म्हणाले. “ती कामावर आहे.”

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना तेल द्या, पुसा, उन्हापावसात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठे मागणे आहे. घरातले कुणी म्हातारे झाले, पहिले काम त्यांना जमेना झाले, तर मायेपोटी त्यांना खुर्चीत बसवून टाकू नका. त्यांची जागा बदला, पण त्यांना सायकलवरून उतरवू नका. आणि तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा नव्या जागेवर बसायला लाजू नका. तिथून काय दिसते ते बसल्याशिवाय कळत नाही. मी दोन्ही सीटा बाळगणारी आहे, मला विचारा.

काल मुलगी अंगणात आली. बराच वेळ माझ्याभोवती घुटमळली आणि म्हणाली, “बाबा, उद्या आईच्या मागं मी बसू का? एकदाच. मलाही बघायचंय तिथून कसं वाटतं ते.”

वेल्डरांनी मागच्या सीटवर घट्ट हात ठेवला.

“ही माझी जागा आहे,” ते म्हणाले. “तुला हवी तर पुढची घे.”